उतरलेली बॅटरी आणि आखाजीचे गाणे

मराठीत बॅटरीच्या वाट्याला आलेली क्रियापदे लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहेत. बॅटरी 'भरते' याविषयी सर्वांचे एकमत आहे. पण ती संपली म्हणजे नेमके काय होते, याविषयी भाषेत चार पक्ष पडतात. गॅरेजमधला कारागीर 'उतरली' म्हणतो, ट्रकचालक 'बसली' म्हणतो, घरातली मुले 'डाऊन झाली' म्हणतात आणि नवी बॅटरी विकू पाहणारा दुकानदार सरळ 'मेली' म्हणतो. उतरलेले पुन्हा चढते, बसलेला बैल पुन्हा उठतो. 'मेली' या शब्दापाशी मात्र संभाषण संपते आणि पैशाचे पाकीट उघडते. चारही माणसे एकाच वस्तूकडे पाहत असतात. मग यांतले कोणते क्रियापद लागू आहे हे ठरवायचे कोणी, आणि कशाच्या आधारावर? हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका फिरत्या घराच्या निमित्ताने, आणि त्याचे उत्तर शोधताना आम्ही जाऊन पोहोचलो एका गाण्यापाशी. साहित्याच्या वाचकांपुढे बॅटरीचे पुराण मांडण्याचे धाडस त्या गाण्याच्या भरवशावर करीत आहोत.

आम्ही उभयतांनी आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवले. निवृत्तीनंतर खानदेशातल्या बायकांची गाणी ध्वनिमुद्रित करण्याचा उद्योग आरंभला. आखाजीची झोक्यावरची गाणी, श्रावणातल्या कानबाईची गाणी, भाद्रपद-आश्विनातल्या गुलाबाईची गाणी असा त्याचा पसारा. ही गाणी पहाटे आणि रात्री म्हटली जातात. दिवसा बायका कामात असतात. पाहुणे म्हणून कोणाच्या घरी उतरावे तर त्या घरच्या बाईचे काम वाढते आणि गाणे मागे पडते. म्हणून जीपमागे ओढायचे अकरा फूट लांबीचे एक लहानसे घर आम्ही करून घेतले. आत दोन बाके, एक ओटा, पुस्तकांची फळी आणि पंखा. छपरावर दोनशे वॅटचे सौर तावदान. बाकाखाली शंभर अँपिअर-तासांची लिथियमची बॅटरी. गावोगावची मुले त्याला 'ट्रॉलीवरलं घर' म्हणतात, आणि हे नाव आम्हांस 'कॅराव्हॅन'पेक्षा अधिक नेमके वाटते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे. परंतु चाळीसगावकडच्या तांड्यांवरून उसाच्या तोडीला निघणारी कुटुंबे आणि साक्री तालुक्यातले मेंढ्यांमागे हिंडणारे ठेलारी यांनी फिरते घर म्हणजे काय हे धोरणाच्या कितीतरी आधी जाणले होते. एका ठेलाऱ्याच्या वाड्यावर आम्ही पाहिले: घरची बाई सकाळी उठून सर्वांत आधी पाटीएवढे सौर तावदान उन्हाकडे तोंड करून ठेवी आणि रात्रीचा दिवा त्याला जोडी, मग चूल. बॅटरीकडे पाहण्याची ती शिस्त आमच्या शिकलेल्या घरात नंतर आली.

लिथियमच्या बॅटरीचा स्वभाव जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीहून निराळा आहे, आणि तो समजल्यावाचून पुढचे कळणार नाही. शिशाची बॅटरी आपली दशा चेहऱ्यावर दाखवते. ती जसजशी रिती होते तसतसा तिचा दाब उतरत जातो, दिवा पिवळा पडतो, स्टार्टर कण्हतो. कारागीर आम्लात हायड्रोमीटर बुडवून घनता पाहतो आणि किती शिल्लक आहे ते सांगतो. आमच्या बाकाखाली आहे ती लिथियम-लोह-फॉस्फेट या जातीची. ओढगाड्यांत आणि ई-रिक्षांत हल्ली हीच जात अधिक दिसते, कारण ती तुलनेने थंड डोक्याची आहे. या पदार्थाचा शोधनिबंध १९९७ साली पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी प्रसिद्ध केला. यांतल्या गुडइनफना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल व्हिटिंगहॅम व योशिनो यांच्यासमवेत मिळाले तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. या जातीच्या एका सेलचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट, असे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी होते. आणि तिचा मोठा गुण हा की ऐंशी टक्के भरलेली असो वा तीस टक्के, दाब जवळजवळ सारखाच राहतो. दिवा तेवढाच उजळ, पंखा तेवढ्याच वेगाचा. मग अखेरच्या टप्प्यात अकस्मात कडा येतो आणि दाब कोसळतो. थकवा न दाखवता काम करीत राहणाऱ्या माणसांविषयी जी चिंता आपण करावयास हवी आणि सहसा करीत नाही, तीच येथे करावी लागते. अशा बॅटरीचा दाब पाहून तिची स्थिती कळत नाही. किती दिले आणि किती घेतले, याचा हिशेब ठेवणारे वेगळे मापक लावावे लागते.

कड्यावरून खाली पडू नये म्हणून बॅटरीच्या पेटीतच एक रखवालदार बसवलेला असतो. त्याला तंत्रज्ञ बीएमएस म्हणतात. कोणताही सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की हा रखवालदार दार लावून घेतो. बाहेरून मापक लावले तर शून्य किंवा शून्याजवळचा आकडा दिसतो. आता गंमत अशी की आजकालचे हुशार चार्जर आधी समोर बॅटरी आहे की नाही हे तिच्या दाबावरून तपासतात, आणि दाबच दिसला नाही तर वीज सोडत नाहीत. म्हणजे आत प्राण आहे, पण दार बंद आहे. बाहेर अन्न घेऊन कोणी उभा आहे, पण आत कोणी असल्याची त्याला खूण मिळत नाही. दोघेही नियमाप्रमाणे वागत असतात आणि परिणाम उपासमारीचा होतो.

आमच्या बाबतीत तेच घडले. २०२३ चे सबंध वर्ष घरातल्या एका दीर्घ आजारपणात गेले. फिरते घर पत्र्याच्या छपराखाली उभे राहिले. मापकाचा पडदा आणि धुराची सूचना देणारी डबी अशी दोन-तीन बारीक उपकरणे मिळून पन्नास मिलिअँपिअर वीज घेत होती. हा आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु दिवसाला तो १.२ अँपिअर-तास होतो आणि शंभर अँपिअर-तासांची बॅटरी तीन महिन्यांच्या आत रिती करतो. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये, आजारपण ज्या रीतीने संपावयाचे त्या रीतीने संपल्यानंतर, आम्ही छपराखाली गेलो तेव्हा मापकावर शून्य होते. एका मोठ्या शहरातल्या दुकानात चौकशी केली. तेथे बॅटरी न पाहताच 'मेली' हे क्रियापद वापरण्यात आले आणि नवीचा भाव सांगण्यात आला. तो भाव आमच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाला भारी होता. नवी घ्यावी तर आखाजीचा दौरा रद्द करावा लागला असता; आणि धुळे तालुक्यात पांझरेकाठच्या एका गावी, ज्यांच्याकडे एक लांबलचक गाणे आहे असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत होतो, त्या आजींचे वय तेव्हा नव्वदीला टेकले होते.

जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक तरुण आहे, असे कळले म्हणून पेटी घेऊन गेलो. पेटी तेरा किलोची; तितक्याच क्षमतेची शिशाची असती तर उचलावयास दोन माणसे लागली असती. त्याने बाहेरच्या अग्रांवर मापक लावले, शून्य पाहिले आणि काहीच बोलला नाही. पेटीचे झाकण उघडून त्याने चारही सेल वेगवेगळे मोजले व आकडे पुठ्ठ्यावर लिहिले: २.६१, २.५८, २.६३, २.२१. मग म्हणाला, "काकू, हे मेलेलं नाही. हा चौथा भाऊ दमला, म्हणून बाकीच्या तिघांनी पण दार लावून घेतलं."

त्याची काम करण्याची रीत आम्ही दुपारभर बाकड्यावर बसून पाहिली. पहिली गोष्ट, त्याने पेटीला हात लावून कोठे फुगवटा आहे का ते पाहिले आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. दुसरी, एका साध्या पुरवठायंत्रातून त्याने फक्त दोन अँपिअर सोडले. आमचा चार्जर वीस अँपिअरचा आहे; त्याचा हा दहावा हिस्सा. रित्या सेलमध्ये एकदम जोराने वीज लोटली तर तो तापतो आणि आतले थर बिघडतात. म्हणून तीन व्होल्टपर्यंत थेंबाथेंबाने न्यावयाचे आणि मग नेहमीची गती धरावयाची. चार्ज असलेली दुसरी बॅटरी समांतर जोडून रखवालदाराला क्षणभर जागे करण्याची आणखी एक रीत आहे, ती त्याने सांगितली, पण वापरली नाही. दोन बॅटऱ्यांच्या दाबात फार अंतर असेल तर भरलेलीतून रितीकडे जो लोंढा जातो त्यावर माणसाचा ताबा राहत नाही, असे त्याचे म्हणणे. तासाभरात चारही सेल तीन व्होल्टच्या वर आले. आम्हांला वाटले, झाले. तर त्याने सर्व तारा काढून टाकल्या आणि सांगितले, "आज रात्री हिला कोणी काही द्यायचं नाही, काही मागायचं नाही. सकाळी आकडा तसाच राहिला तर ती जिवंत. खाली आला तर आतून गळते, मग माझ्याच्यानं होणार नाही."

त्याच्या या वाक्यात जे ज्ञान आहे ते नीट सांगितले पाहिजे. लिथियमचा सेल ठरावीक मर्यादेखाली फार काळ राहिला तर त्याच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा वीज दिली की ते तांबे भलत्याच जागी जमते आणि आतल्या आत वाट जोडली जाते. असा सेल वरवर उठतो, आकडाही दाखवतो. पण तो पुढे तापेल, फुगेल, प्रसंगी आग धरील. म्हणून या तरुणाचा स्वतःपुरता नियम आहे: दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल उठवावयाचा नाही, गिऱ्हाइकाने कितीही विनवले तरी नाही. त्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला वाळू भरलेल्या घमेल्यात असे नाकारलेले सेल ठेवलेले होते. 'मेली' हे क्रियापद तोही वापरतो. मात्र मोजल्यानंतर वापरतो.

सकाळी आकडे तसेच राहिले. पाच तास वीस अँपिअरने भरल्यावर त्याने मोटारीचे दिवे जोडून बॅटरी पुन्हा उतरवून पाहिली. एक्क्याण्णव अँपिअर-तास निघाले. नऊ गेले ते गेले. ते त्याने लपवले नाहीत आणि आम्हीही त्यांचा शोक केला नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२४ मध्ये १० मे रोजी आली. खानदेशात हा सासुरवाशिणींचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आमरस आणि खापरावरचे मांडे होतात, आणि गडीमाणसे पत्त्यांचे डाव मांडून बसतात. त्याच दिवसांत खानदेशचे ऊन भरात असते. जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या पलीकडे जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. येथे आम्हांस खानदेशातली एक विसंगती उमगली. या प्रदेशाला विजेचे दारिद्र्य आहे असे म्हणवत नाही. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग आहे. आमच्या छपरावरही दुपारी बारा वाजता सूर्य मुक्तहस्ताने देत होता. परंतु अनेक लिथियम बॅटऱ्यांचा रखवालदार पंचेचाळीस अंशांच्या वर भरणा घेऊ देत नाही. तापलेल्या सेलला भरले तर त्याचे आयुष्य झिजते. पत्र्याच्या घरात बाकाखालचे तापमान एकोणपन्नास झाले होते. म्हणजे देणारा देत होता तेव्हा घेणाऱ्याची ताकद नव्हती, आणि घेण्याजोगा गारवा रात्री येई तेव्हा देणारा मावळलेला असे. थंड देशांतल्या ओढगाडीवाल्यांची अडचण नेमकी उलट असते: शून्याखाली गारठलेल्या सेलमध्ये वीज भरली तर लिथियम धातूच्या रूपात जमून सेल नासतो. त्यांच्या पुस्तकांत बॅटरीला ऊब कशी द्यावी याचे पानेच्या पाने वर्णन सापडते. तिला सावली कशी द्यावी, हे आम्हांला पांझरेकाठच्या एका घरात शिकावे लागले.

मापकावर बावीस टक्के उरले होते. वीस टक्क्यांच्या खाली जावयाचे नाही हा नियम जळगावच्या दुकानातून निघतानाच आम्ही केला होता, आणि ध्वनिमुद्रणाची रात्र अजून पुढे होती. आजींच्या सूनबाईंनी आमची चर्चा ऐकली आणि उपाय सांगितला: पेटी माजघरात आणा. घर जुने, धाब्याचे; मातीच्या जाड भिंती, वर मातीचे धाबे, कोपऱ्यात पाण्याचे माठ. बाहेर आग पाखडत होती तेव्हा आत पायाखालची जमीन गार होती. पेटी उचलून आत नेली, माठांपासून दूर कोरड्या पाटावर ठेवली आणि घरच्या विजेवर सावकाश भरावयास लावली. आजी भिंतीशी बसून हे सर्व पाहत होत्या. त्यांनी विचारले, "हाई बी माहेरले उनी का?" हीसुद्धा माहेरी आली का? घरात आलेल्या तिन्ही लेकी हसल्या. माहेरपणाला 'बॅटरी चार्ज करणे' म्हणण्याची शहरी लकब आम्हांला ठाऊक होती आणि ती फारशी आवडतही नव्हती. आजींनी उपमा उलट्या दिशेने नेली आणि ती एकाएकी रुचली. गार जागा, घाई नाही, कोणी काही मागत नाही, आणि थेंबाथेंबाने भरणे. माहेरपणाची याहून वेगळी व्याख्या आम्हांला करता येणार नाही.

गाण्याचे मात्र आजींनी पहिल्या संध्याकाळी मनावर घेतले नाही. "माले काहीच याद नई. आते काय याद ऱ्हास?" असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. नातवंडे आग्रह करू लागली: आजी, म्हण ना, अमुक म्हण, तमुक म्हण, मागच्या वर्षी म्हटले होतेस. जितका आग्रह वाढला तितक्या त्या अधिक गप्प झाल्या. आम्ही यंत्र बंद करून फिरत्या घरात परतलो. रात्री बराच वेळ आम्ही दोघे त्या गप्पपणाविषयी बोलत होतो. शहरातल्या दुकानदाराचा शब्द वापरावयाचा तर आजींची स्मृती 'मेली' होती. संकलकाच्या वहीत असे शेरे असतात: 'वृद्धत्वामुळे माहिती नाही.' बोलीभाषांविषयीही असे शेरे मारले जातात. अहिराणी संपत आली, असे आम्ही परिसंवादांतून अनेकदा ऐकले आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, खानदेशीची नोंद भिल्ली भाषांसमवेत केली. तेव्हापासून तिला कोणत्या खान्यात बसवावयाचे याचा वाद चालू आहे आणि ती मात्र बोलली जात आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे अठरा लाखांहून अधिक होते. दार बंद दिसले म्हणजे आत कोणी नाही असे होत नाही; ठोठावणाऱ्याची रीतही पाहावी लागते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्यापैकी एक जण माजघरात पेटी पाहावयास गेली, यंत्र न घेता. आजी जाग्या होत्या. आमच्यापैकी तिने आपल्या आईविषयी, त्या आजारपणाविषयी आणि आईच्या तोंडी असलेल्या, पण आता आठवत नसलेल्या एका पाळण्याविषयी सांगितले. आजींनी ऐकून घेतले. बऱ्याच वेळाने त्या गुणगुणू लागल्या. शब्द नव्हते, चाल तेवढी होती. मग एक शब्द, मग तोच शब्द दुसऱ्यांदा, मग अर्धी ओळ. एक लेक उठून जवळ येऊन बसली आणि चालीला चाल लावू लागली. त्यानंतर यंत्र लावले ते आजींना विचारून.

गाणे असे आहे. तापीकाठी दिलेली एक लेक आखाजीला मुऱ्हाळी येण्याची वाट पाहत आहे. भाऊ बैलगाडी जोडून निघाला आहे, आणि प्रत्येक कडव्यात त्याचा एक मुक्काम येतो: कोठे बैलांना पाणी पाजले, कोठे धाव निसटली, कोठे कोणी गूळपाणी दिले. चार मुक्काम आजींनी सलग म्हटले. पाचव्याशी थांबल्या. चाल पुढे गेली, शब्द आले नाहीत. मग एकदम सहावे कडवे आले, ज्यात गाडीची घुंगरे वाड्याच्या दारात वाजतात. पाचवा मुक्काम राहून गेला.

तेव्हा नातसुनेने मोबाइलवर त्या चालीचे एक चित्रमुद्रण शोधून काढले. गाणारी मंडळी तयारीची, वाद्यांची साथ उत्तम, आणि पाचवे कडवे त्यात होते. ते आजींच्या गाण्यात अगदी चपखल बसत होते. यमक जुळत होते, बोलीही जवळची होती. आमच्या वहीतली रिकामी जागा भरावयास एवढे पुरे होते, आणि खरे सांगावयाचे तर पेन हातात होते. आजींनी ते कडवे दोनदा ऐकले. "चांगलं शे," म्हणाल्या, आणि मग मान हलवली: "ते मन्हं नई." ते माझे नाही.

लोकसाहित्याच्या अभ्यासकांना हा क्षण ओळखीचा वाटेल. अपुरे गाणे पुरे करण्याचा मोह फार सभ्य वेश घेऊन येतो. गाणे पुरे झाले तर छापावयास बरे, शिकवावयास बरे, रंगमंचावर म्हणावयास बरे. परंतु भलत्या जागचे तांबे आणून जोडलेली वाट पुढे काय करते ते जळगावच्या त्या दुकानात आम्ही पाहिले होते. दुसऱ्या गावचे कडवे यात मिसळले तर आकडा पूर्ण दिसेल; मात्र त्या गाण्यावरून या गावच्या वाटेविषयी, बोलीविषयी, मुक्कामांविषयी जो अनुमान काढील तो फसेल, आणि फसल्याचे त्याला कधी कळणारही नाही. शिवाय त्या रिकाम्या जागेतही माहिती असते. आजींना नेमका पाचवा मुक्काम का आठवला नाही? त्या वाटेवरचे ते गाव उठले असेल, नदीचा उतार बदलला असेल, किंवा त्या मुक्कामाशी काही दुखरे जोडलेले असेल. जागा रिकामी ठेवली तर पुढचा अभ्यासक हा प्रश्न विचारू शकतो.

या बाबतीत धुळ्याला आपली परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापून काढणाऱ्या या माणसाने गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली. आणि जुने कागद छापताना जेथे कागद फाटला असेल, कसर लागली असेल, तेथे टिंबे देण्याची शिस्त मराठी संशोधनात रुजली. टिंबे म्हणजे प्रामाणिकपणाची खूण. त्याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी ऐकता ऐकता हाताने लिहून घेतली. तेथे यंत्र नव्हते, बॅटरी नव्हती. होता तो ऐकणाऱ्याचा संयम. पुढे बायकांच्या ओव्या गोळा करतानाही हाच कान त्यांच्या कामी आला असला पाहिजे. आणि जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने आणि आप्तांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. जवळ बसून टिपणारे कोणी नसते तर त्यांच्या बाबतीतही कोणी 'माहिती नाही' असाच शेरा मारला असता.

वाचकांपैकी जे विद्यार्थी येत्या सुट्टीत यंत्र घेऊन गावोगाव जाणार असतील त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. बॅटरीविषयी: ती वीस टक्क्यांच्या खाली नेऊ नका, गाडी महिनोन्महिने उभी ठेवावयाची असेल तर निम्मी भरून मुख्य खटका बंद करा, गाडीच्या अल्टरनेटरवर थेट भरू नका, कारण लिथियमची भूक मोठी असते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो, मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवा, मापकावर शून्य दिसले तर आधी जाणत्याकडून सेल मोजून घ्या, स्वतः पेटी उघडू नका, फुगलेली पेटी घरात ठेवू नका. माणसांविषयी: गप्प बसलेल्या म्हातारीपुढे यंत्र धरू नका, आधी आपल्या घरचे काही सांगा.

आमच्या वहीत ते गाणे आता पाच कडव्यांचे आहे, चौथ्या आणि शेवटच्या कडव्यांच्या मधोमध एक ओळभर टिंबे आहेत, आणि समासात त्या दिवशीची तारीख. आजींच्या धाकट्या लेकीने जाताना सांगितले की शिरपूरकडे दिलेली त्यांची एक चुलतबहीण हेच गाणे म्हणत असे. तिच्याकडे जावयाचे आहे. तिने पाचवा मुक्काम सांगितला तरी तो या टिंबांच्या जागी लिहावयाचा नाही, शेजारच्या पानावर तिच्या नावाने लिहावयाचा, एवढे आमचे ठरले आहे.